मंदीची कात्री आणि कलेचा खिसा

'मंदी' हा शब्द इंजिनिअरिंगच्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्यांचा फुगा फुटला, तेव्हा तो तेव्हाच्या बॅचला कळला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जाणाऱ्या बॅचला कळला. आणि २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळ्या देशालाच कळला. मंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते प्लेसमेंट सेल, रिकामा नोटिस बोर्ड आणि घरून येणारा "मग, काय झालं रे तुझ्या इंटरव्ह्यूचं?" हा फोन.

पण याच मंदीत ढोलकीवाल्याचं काय होतं? नाटकाच्या मेकअपवाल्याचं? चित्रकाराचं, जत्रेतल्या फडाचं? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गॅदरिंगच्या वेळी कल्चरल सेक्रेटरीच्या तोंडून "यंदा स्पॉन्सर नाहीये रे" हे वाक्य ऐकू आलं, की आपलाही या प्रश्नाशी संबंध आहे हे लक्षात येतं. त्यासाठी न्यूयॉर्क-लंडनला जायची काहीच गरज नाही. आपल्या मावळात, पुणे-लोणावळा लोकलच्या चार-पाच स्टेशनांत, याची इतकी उदाहरणं पडली आहेत की एक सेमिस्टरभर पुरतील.

कात्री आधी कलेवरच का?

अर्थशास्त्रात मंदीची ढोबळ व्याख्या अशी, की सलग दोन तिमाही देशाचं उत्पादन वाढण्याऐवजी घटत गेलं तर मंदी. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या हातात पैसा कमी येतो, आणि जो येतो तो खर्च करायची भीती वाटते. मग माणूस यादी करतो. घरभाडं, किराणा, पोरांची फी, औषधं. हे टाळता येत नाही. नाटकाचं तिकीट, भिंतीवरचं चित्र, गाण्याची मैफल हे "पुढच्या वर्षी बघू" या खात्यात जातं. कंपनीही तेच करते. पगार आणि कच्चा माल थांबवता येत नाही, स्मरणिकेतली जाहिरात थांबवता येते.

दुसरं कारण असं, की कलेचा माल गोदामात ठेवता येत नाही. मोटारसायकल आज विकली गेली नाही तर सहा महिन्यांनी विकता येते. पण आज रात्रीच्या प्रयोगाची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. चैत्रातली जत्रा हुकली की ती वर्षभरासाठीच हुकली.

तिसरं कारण जरा खोल आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आपल्याला चटकन समजेल असा आहे. कारखान्यात नवं यंत्र आलं की तेच काम कमी माणसांत होतं. पण चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती, आजही चारच लागतात. लावणीला ढोलकी वाजवायला १९६० मध्ये दोन हात लागत, आजही दोनच. म्हणजे इतर धंद्यांत काटकसर करायला जागा असते, इथे ती फार थोडी. इथे काटकसर म्हणजे एकतर माणूस कमी करा, नाहीतर त्याचे पैसे कमी करा.

आता एक गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, पण कुठल्याही गॅदरिंग कमिटीला ओळखीचे वाटतील. समजा बजेट तीन लाखांचं. त्यात दोन लाख स्पॉन्सरचे, एक लाख विद्यार्थ्यांच्या फीतून. खर्च असा: मांडव, साउंड, लाइट आणि जनरेटर दीड लाख, बक्षिसं, छपाई, चहा-नाश्ता पन्नास हजार, बाहेरून येणारे वादक, गायक, मेकअपवाले, नेपथ्यवाले यांचं मानधन एक लाख. मंदी आली आणि स्पॉन्सरने रक्कम निम्मी केली. आता जमा दोन लाख. मांडव आणि साउंडवाला पैसे कमी करत नाही, बक्षिसं जाहीर झालेली आहेत. दोन लाख तिथेच संपले. जमा घटली एक तृतीयांश, पण कलावंताचं मानधन घटलं शंभर टक्के! मग आपण म्हणतो, "यंदा ट्रॅकवरच नाचू." मंदीचा धक्का सगळ्यांना सारखा बसत नाही, तो सगळ्यात शेवटी ज्याचे पैसे द्यायचे असतात त्याच्यावर जाऊन आदळतो. आणि कलेच्या धंद्यात शेवटी उभा असतो तो कलावंत.

कार्ल्याचे खांब कुणी दिले?

मग मंदीत सगळीच कला कोसळते का? तर नाही. कोण तगतो आणि कोण पडतो, हे बऱ्याच अंशी पैसा किती खिशांतून येतो यावर ठरतं. याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्या डोक्यावरच्या डोंगरात आहे.

कार्ल्याला आपण सगळे गेलोय. कोणी एकवीरा आईच्या दर्शनाला, कोणी पावसात भिजायला, कोणी नुसतंच लेक्चर बुडवून. तिथलं चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं, सुमारे १२४ फूट लांब, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. छताला लावलेल्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. पण पुढच्या वेळी गेलात तर खांबांवर कोरलेली अक्षरं बघा. ती ब्राह्मी लिपीत आहेत आणि त्यात देणगीदारांची नावं आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल हा त्यातला मोठा दाता. बाकी खांब आणि भाग धेनुकाकट नावाच्या गावच्या वेगवेगळ्या लोकांनी दिले. त्यात यवन आहेत, एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्यं विकणारा आहे. बोरघाटातून कोकणातल्या बंदरांकडे जो व्यापार चालायचा, त्याचा पैसा या दगडात उतरलाय. तिथल्याच एका लेखात 'मामाल' म्हणजे आपल्या मावळाचा उल्लेखही सापडतो.

इंजिनिअरच्या नजरेनं बघा. एवढं मोठं काम, पण ते खांबाखांबानं वाटलेलं. एका दात्याचं जहाज बुडालं तर एक खांब अडेल, अख्खं लेणं अडणार नाही. आपण सर्किटमध्ये शिकतो ना, दिवे सीरिजमध्ये लावले की एक गेला की सगळे गेले. पॅरललमध्ये लावले की एक गेला तरी बाकीचे चालू. कार्ल्याचं फंडिंग पॅरललमध्ये होतं!

याच काळातली आणखी एक गोष्ट. नहपान राजाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंसाठी एक गाव दान दिलं, आणि नाशिकच्या लेण्यात त्याचा एक वेगळाच व्यवहार कोरलेला आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर महिना शेकडा पाऊण असं व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च भागवायचा. हे दान धर्मासाठी होतं, कलेसाठी नव्हे. पण ज्याला आज आपण 'कॉर्पस फंड' म्हणतो तो हाच, एकोणीसशे वर्षांपूर्वी, आणि तोही शिळेवर कोरून! दाता उद्या नसला तरी व्याज चालू राहावं, ही त्यामागची अक्कल.

मळवलीचा छापखाना

आता डोंगर उतरून मळवली स्टेशनवर येऊ. इथे एके काळी राजा रविवर्मा यांचा छापखाना होता हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप चित्रांचा प्रेस काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. महाराजांच्या दिवाणखान्यातलं तैलचित्र सामान्य माणसाच्या घरातल्या भिंतीवर यावं, हा विचार. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी रूपं आपल्या आजी-पणजीच्या देवघरात होती, त्यातली कितीतरी याच प्रेसची.

पण वेळ वाईट होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळाले, कामगार मिळेनात, बाजार बसला. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ. १८९९ मध्ये प्रेस मुंबईतून उचलून मळवलीला आणला. तरी कर्जाचं ओझं काही उतरलं नाही आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. सोबत आपल्या चित्रांच्या छपाईचे हक्कही दिले. १९०६ मध्ये रविवर्मा गेले. प्रेस मात्र पुढे अनेक वर्षं चालला. श्लायशरने देवादिकांच्या चित्रांबरोबर जाहिराती, लेबलं अशी व्यापारी छपाईची कामंही धरली. १९७२ मध्ये आगीत तो प्रेस नष्ट झाला.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे चित्रं वाईट होती म्हणून प्रेस अडचणीत आला नाही, त्या चित्रांना तर पुढे शंभर वर्षं मागणी राहिली. अडचण होती ती यंत्रांच्या मोठ्या भांडवलाची आणि कर्जाची. व्याज मंदीतही थांबत नाही. दुसरी म्हणजे संकटातून कला वाचली, पण कमाई कलावंताच्या हातातून गेली. चित्र राहिलं, हक्क गेले. संगीत, सिनेमा, पुस्तकं, कुठेही बघा, अडचणीच्या वर्षी कलावंत सगळ्यात आधी विकतो ते आपले हक्क.

फाळके आणि विम्याची पॉलिसी

छपाईच्या याच मुलखात दादासाहेब फाळके आले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडल्यावर त्यांनी लोणावळ्यात ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा धंदा सुरू केला, तो पुढे मुंबईत दादरला नेला. भागीदारांशी पटलं नाही, धंदा सोडला. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेड लागलं. पैसा कुठून आणायचा? बँका अशा गोष्टीला कर्ज देत नसत. शेवटी विम्याची पॉलिसी गहाण पडली, घरातले दागिने गेले, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. सरस्वतीबाई फाळके यांचा त्यातला वाटा वेगळा सांगायला नको. पडद्यामागची निम्मी कामं त्यांनीच केली.

म्हणजे भारतीय सिनेमाचा पहिला 'फायनान्सर' होता एका घरातला खिसा. तो खिसा एकच होता, त्यामुळे पुढचंही ओघानं आलं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. फाळके पुन्हा उभे राहिले, १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पण १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलपट आला, मूकपटांचा काळ संपला, आणि १९४४ मध्ये नाशिकला फाळके गेले ते जवळजवळ विस्मरणात.

मंदी आणि बोलपट, दोन्ही एकदम

१९२९ च्या जागतिक मंदीचा फटका आपल्याकडे शेतमालाच्या भावांमधून आला. कापूस, भुईमूग, धान्य यांचे भाव कोसळले आणि गावोगावच्या लोकांच्या हातचा पैसा आटला. तेव्हाच्या मराठी नाटक कंपन्या म्हणजे फिरतं बिऱ्हाड. नट, वादक, आचारी, शिंपी, पडदेवाले अशी शंभराच्या घरातली माणसं, खेळ होवो न होवो, रोज जेवणार. त्यात १९३२ मध्ये 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. नाटकापेक्षा स्वस्त तिकीट, आणि एकाच वेळी दहा गावांत खेळ. बॉमोलसाहेबांचा मुद्दा तेव्हाच लोकांनी अनुभवला होता. कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत दिसले, म्हणजे परिस्थिती काय असेल ते समजा.

पण नाटक मेलं नाही. त्याने आपलं वजन कमी केलं. १९४१ मध्ये मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' काढलं. कमी पात्रं, घरगुती विषय, सुटसुटीत नेपथ्य, मोजकी गाणी. १९४२ चं 'कुलवधू' याच वळणाचं, आणि ते तुफान चाललं. अडचणीमुळे नाटकाचं रूपच बदललं. आज आपण एकांकिका स्पर्धेला दोन ठोकळे आणि एक खुर्ची घेऊन जातो, तेव्हा त्यामागे काटकसरीचा हा जुना वारसा आहे. फक्त एक विसरू नये. रूप बदलताना नवी वाट सापडते हे खरं, पण जुन्या कंपनीतले पडदेवाले, सारंगीवाले त्या वाटेवर येऊ शकले नाहीत.

जत्रा, पट्टी आणि सुपारी

आता आजच्या मावळात येऊ. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी, छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. या सगळ्याला पैसा कुठून येतो? गावकी घरटी पट्टी बसवते. नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्याला असलेले गावकरी जास्तीची वर्गणी देतात. गावातले दुकानदार, पुढारी, जमिनीच्या व्यवहारातले लोक यांच्या पावत्या वेगळ्या. म्हणजे पुन्हा पॅरलल सर्किट.

त्या पैशातून तमाशाची सुपारी दिली जाते. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरते. फडाचं उत्पन्न दोन प्रकारचं. एक ही जत्रेची सुपारी, दुसरं कनात लावून तिकिटावर केलेले खेळ. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. हंगामाच्या आधी फडमालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते, गाड्या दुरुस्त करायच्या असतात, तंबू शिवायचे असतात. त्यासाठी बहुतेक वेळा कर्ज. म्हणजे खर्च आधी, कमाई नंतर, आणि व्याज चालूच. मळवलीच्या छापखान्याचीच गोष्ट, फक्त चाकांवरची.

तमाशासाठी मंदी म्हणजे शेअर बाजार पडणं नव्हे. तमाशासाठी मंदी म्हणजे दुष्काळ. २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात पाणीच नव्हतं, तिथे सुपारी कोण देणार? अशा वेळी मावळासारखा पट्टा, जिथे पाऊस धो धो आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतला पगार घरात येतो, तो फडाला आधार असतो. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीसारखा प्रकार झाला की उलट होतं. तिकिटाचा व्यवहार सगळा रोखीचा, तोही सुट्ट्या पैशांचा. शेतात पीक असूनही खिशात नोट नाही.

२०२० ने तर कळसच केला. टाळेबंदी २५ मार्चपासून लागली आणि त्याच दिवशी गुढी पाडवा होता. म्हणजे जत्रांचा हंगाम ज्या दिवशी सुरू व्हायचा, नेमका त्याच दिवशी तो बंद झाला. २०२१ मध्येही तेच. सलग दोन चैत्र कोरडे. उचल दिलेली, व्याज चालू, आणि कमाई शून्य. ढोलकीवाले मजुरीला गेले, नाचणाऱ्या बायका शेतात गेल्या. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये करोनाने गेल्या.

गंमत बघा, हात तंग असला तरी गावाची जत्रा बंद होत नाही. देवाची पालखी निघतेच. कापला जातो तो कार्यक्रम. मोठ्या फडाऐवजी छोटा फड, छोट्या फडाऐवजी ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्राऐवजी डीजे. आपल्या गॅदरिंगसारखंच. आणि एकदा डीजेची सवय झाली की बरे दिवस आले तरी ढोलकी परत येईलच असं नाही. मंदीत बाहेर फेकली गेलेली कला तेजीत आपोआप परत येत नाही. मधल्या दोन-तीन वर्षांत तिची माणसं दुसऱ्या धंद्याला लागलेली असतात, आणि शिकणारं पोरही कुणी उरलेलं नसतं.

झटका उशिरा का बसतो?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. मंदी आज आली तरी कलेच्या पैशावर तिचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो, आणि मंदी संपली तरी तो रेंगाळतो. अगदी कपॅसिटरसारखं. स्विच बंद केला तरी दिवा हळूहळू मंद होतो, चालू केला तरी लगेच पूर्ण पेटत नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे, आणि परवानगी असलेल्या कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि वारसा जतन हेही आहे. आता 'तीन वर्षांची सरासरी' म्हणजे काय? सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांनी हात वर करा. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज फिल्टर! एका वाईट वर्षाचा झटका सौम्य होतो, पण तो पुढची तीन वर्षं आकड्यात राहतो. शिवाय त्याच पैशावर शाळा, दवाखाने, पाणी यांचाही हक्क असतो. कला त्या रांगेत पुढे क्वचितच असते.

सरकार काय करतं?

सरकारचा खिसा मोठा, आणि मंदीत तो उघडला तर चमत्कार होतो. अमेरिकेत १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्याच्या योजनेत चित्रकार, नट, लेखक, वादक यांनाही घेतलं. विचार साधा होता: गवंडी बेकार आहे तसा चित्रकारही बेकार आहे, त्यालाही काम द्या. पुढे जगभर गाजलेले जॅक्सन पोलॉक आणि मार्क रॉथ्को हे त्या पगारावर जगलेले. पण त्यातलाच नाटकाचा विभाग राजकीय विरोधामुळे १९३९ मध्ये बंद केला गेला. म्हणजे सरकार हाही शेवटी एकच खिसा, आणि त्याच्या बटणावर दुसऱ्याचा हात.

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे, तिने छोट्या गावांतल्या हौशी मंडळींना मोठा आधार दिला. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मासिक मानधनाची योजना आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने राज्य सरकार तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार देतं. विठाबाईंना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं होतं, आणि तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस पैशाच्या चणचणीतच गेलेले. पुरस्कार एकदाच मिळतो, भूक रोज लागते.

मग आपण काय करायचं?

उत्तर शोधायला पुन्हा मावळातच, तळेगावला उतरू. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' ही कल्पना काढली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. एका शेठजीच्या लाखावर नव्हे, तर असंख्य लोकांच्या पैशा-पैशावर. कारखाना काचेचा होता, पण तत्त्व कुठेही लागू पडतं.

आपल्याच बाबतीत बघा. कॉलेजात दोन हजार विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाने वर्षाला पन्नास रुपये दिले, म्हणजे दोन-तीन वडापाव, तर एक लाख होतात. वरच्या गणितात मंदीने नेमके हेच एक लाख खाल्ले होते! पाच वर्षं हे पैसे न खर्चता साठवले तर मुद्दल पाच लाख, आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला पस्तीस हजार, मुद्दलाला हात न लावता. उषवदाताने हेच केलं होतं. माजी विद्यार्थी आणि स्टाफने भर घातली तर आणखी बरं. स्पॉन्सर आला तर उत्तम, त्याच्या पैशातून मोठा मांडव घालू, जास्त दिवे लावू. नाही आला तर मांडव छोटा करू. पण कलावंताचं मानधन स्पॉन्सरच्या पैशाला बांधायचं नाही, ते या फंडातून आणि आधी द्यायचं. बजेटच्या कागदावर मानधनाची ओळ सगळ्यात खाली असते, ती सगळ्यात वर लिहायची. एवढा एक बदल करायला कुठल्या मंजुरीची वाट बघावी लागते?

दुसरं, आपल्या आसपास माणसं आहेत. गावोगावची भजनी मंडळं, भारूड करणारे, ढोलकी-हलगी वाजवणारे, तळेगावच्या 'कलापिनी'सारख्या संस्थांतून वर्षानुवर्षं नाटक करणारे. आपल्या पोरांना त्यांच्याकडून महिन्यातले दोन रविवार शिकता येईल. त्यांना थोडे का होईना नियमित पैसे मिळतील, आणि आपल्याला ट्रॅकवर नाचायची पाळी येणार नाही.

पुढची मंदी कधी येईल हे सांगता येत नाही, पण येईल हे नक्की. थर्मोडायनॅमिक्सच्या बॅकलॉगसारखं आहे ते, टळत नाही, फक्त पुढे जातं. ती येईल तेव्हा पहिली कात्री कुठे चालवायची हे त्या घाईत ठरवू नका, आत्ताच ठरवून ठेवा. नव्या कल्चरल कमिटीची पहिली मीटिंग लागेल तेव्हा 'पैसा फंड' हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि हो, पन्नास रुपये सुट्टे आणा. तमाशावाल्यांसारखी आपलीही पंचाईत सुट्ट्यांवरच व्हायला नको!